सीमाशुल्क, संगणक आणि कायदा

[परदेशी जाणाऱ्या व परदेशातून येणाऱ्या मालाची नोंद पूर्वी कागदावर होत असे. आता ती संगणकावर होते. केवळ यंत्र विकत आणल्याने हा बदल झाला नाही. त्यासाठी कायदे व नियम बदलावे लागले. ते का बदलावे लागले आणि त्यांमुळे सामान्य व्यापाऱ्याचे कोणते हित झाले, हे या पाठात सांगितले आहे.]

जकातीचा नाका

'जकात' हा शब्द तुमच्या ओळखीचा आहे. उर्दूत जकात म्हणजे आपल्या संपत्तीतून गोरगरिबांसाठी काढून दिलेला वाटा. हा शब्द मराठीत आला आणि त्याचा अर्थ बदलला. मराठीत जकात म्हणजे मालाच्या ने-आणीवर घेतला जाणारा कर. नागपूर शहरात येणाऱ्या मालावर महानगरपालिका २०१३ सालापर्यंत जकात घेत असे. शहराच्या वेशीवर जकात नाके होते. तेथे ट्रकांच्या रांगा लागत. चालक कागद दाखवी, कारकून माल पाही, पैसे घेई आणि पावती देई. मग ट्रक शहरात शिरे.

देशाच्या सीमेवरही मालावर असाच कर घेतला जातो. त्याला सीमाशुल्क म्हणतात. बोलताना आपण 'कस्टम' म्हणतो. सागरी बंदरे, विमानतळ आणि सीमेवरील नाके येथे केंद्र सरकारचे अधिकारी हे काम पाहतात. त्यांचा मुख्य कायदा म्हणजे सीमाशुल्क अधिनियम, १९६२.

सीमाशुल्काचा सारा कारभार एका गोष्टीवर उभा असतो. ती गोष्ट म्हणजे घोषणा. माल कोणता, किती, कोणत्या किमतीचा, कोठून आला, कोठे चालला, हे मालकाने स्वतः सांगायचे असते. हज करून नागपूरच्या विमानतळावर उतरणाऱ्या यात्रेकरूलाही हे ठाऊक असते. बाहेर पडताना त्याला दोन वाटा दिसतात. एक हिरवी, दुसरी लाल. ज्याच्याजवळ कर भरण्याजोगी किंवा मनाई असलेली वस्तू नाही, तो हिरव्या वाटेने जातो. हिरव्या वाटेवर पाऊल टाकणे हीच त्याची घोषणा होय. ती खोटी ठरली, तर माल जप्त होऊ शकतो आणि दंडही होऊ शकतो.

व्यापाऱ्याची घोषणा मात्र लेखी असते. आयात मालाच्या घोषणेला 'बिल ऑफ एंट्री' म्हणतात. निर्यात मालाच्या घोषणेला 'शिपिंग बिल' म्हणतात. या दोन कागदांचीच ही गोष्ट आहे.

नागपूरचे कोरडे बंदर

नागपूर देशाच्या मध्यभागी आहे. येथून समुद्र फार दूर. मुंबईजवळ न्हावा शेवा येथे १९८९ साली जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. नागपूरहून तिकडे जायला सुमारे आठशे किलोमीटर अंतर तोडावे लागते. मग नागपूरच्या व्यापाऱ्याने प्रत्येक कागदासाठी मुंबई गाठावी काय?

ही अडचण दूर करण्यासाठी 'कोरडे बंदर' ही कल्पना निघाली. येथे समुद्र नाही, जहाज नाही, पण बंदरावर होणारे सीमाशुल्काचे काम होते. नागपुरात अजनी येथे असे कोरडे बंदर अनेक वर्षे चालले. पुढे मिहान आणि बोरखेडी या भागांतही मालतळ उभे राहिले. वीस किंवा चाळीस फूट लांबीच्या लोखंडी पेटीत, म्हणजे कंटेनरमध्ये, माल भरला जातो. अधिकारी कागद पाहतात. गरज वाटल्यास माल तपासतात. मग पेटीला मोहर लावतात. ती पेटी रेल्वेने बंदरावर जाते. मोहर शाबूत असली, की तेथे पेटी पुन्हा उघडण्याची गरज सहसा पडत नाही.

विदर्भातून सूत, कापड, तांदूळ असा माल परदेशी जातो. मिहानमधील एका कारखान्यात बोइंग कंपनीच्या ७८७ जातीच्या विमानांसाठी फरशीच्या तुळया तयार झाल्या आणि त्या परदेशी गेल्या. माल जितका मोलाचा, तितकी कागदाची जबाबदारी मोठी.

कागदाचे दिवस

पूर्वी बिल ऑफ एंट्रीच्या साधारणपणे चार प्रती कराव्या लागत. दोन सीमाशुल्क कार्यालयाच्या, एक आयातदाराची आणि एक बँकेची. कागदांचे रंगही ठरलेले होते. लगेच कर भरून न्यायच्या मालाचा कागद पांढरा. गोदामात ठेवायच्या मालाचा पिवळा. गोदामातून पुढे काढायच्या मालाचा हिरवा. कागद या टेबलावरून त्या टेबलावर जाई. प्रत्येक ठिकाणी शेरा, सही आणि शिक्का पडे.

या पद्धतीत एक गुण होता. कागद हातात धरता येई. त्यावर कोणाची सही आहे, कोणत्या तारखेचा शिक्का आहे, हे डोळ्यांनी दिसे. तंटा झाला, तर तोच कागद न्यायालयात पुरावा म्हणून ठेवता येई.

दोषही पुष्कळ होते. कागद गहाळ होई. एकच मजकूर पुन्हा पुन्हा लिहावा लागे. कोणाचा कागद आधी पाहायचा, हे अनेकदा ओळखीवर ठरे. आणि कागद अडला, की माल अडे. अडलेल्या मालाचे भाडे रोज वाढत जाई. लोखंडाचा माल थांबू शकतो. संत्र्याचा माल थांबू शकत नाही. थोड्या दिवसांतच तो नासू लागतो.

संगणक आला

सिंगापूर या लहानशा देशाने १९८९ साली व्यापाराचे कागद संगणकावर घेण्यास आरंभ केला. त्यांच्या व्यवस्थेचे नाव 'ट्रेडनेट'. संयुक्त राष्ट्रांच्या एका संस्थेने गरीब देशांसाठी 'असिकुडा' नावाची संगणक प्रणाली तयार केली. आपला शेजारी बांगलादेशही तीच वापरतो.

भारतात १९९५ साली दिल्ली येथे सीमाशुल्काच्या संगणक प्रणालीची सुरुवात झाली. तिचे लघुनाव 'आइसेस'. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र या सरकारी संस्थेने ती तयार केली. पुढे देशातील अनेक बंदरे, विमानतळ आणि नागपूरसारखी कोरडी बंदरे तिला जोडली गेली. घरून किंवा कार्यालयातून कागद पाठवण्यासाठी 'आइसगेट' हे दार उघडले. आता नागपूरचा व्यापारी किंवा त्याचा परवानाधारक कस्टम्स ब्रोकर आपल्या टेबलावरून शिपिंग बिल पाठवतो.

हे वाचून असे वाटेल की यंत्र आले आणि काम सोपे झाले. पण गोष्ट एवढी सरळ नाही.

यंत्राला कायदा का लागतो?

उर्दूत 'कायदा' म्हणजे रीत किंवा नियम. लहान मुलांच्या पहिल्या पुस्तकालाही तुम्ही कायदा म्हणता. मराठीत कायदा म्हणजे सरकारने केलेला कानून. संगणकाच्या बाबतीत हे सर्व अर्थ लागू पडतात. नवे यंत्र आले, की त्याची अक्षरे पुन्हा पहिल्यापासून गिरवावी लागतात.

समजा, मोमिनपुऱ्यातील एका व्यापाऱ्याने सुती कापडाची एक खेप दुबईला पाठवायचे ठरवले. त्याने शिपिंग बिल संगणकावर भरले. आता पाच प्रश्न उभे राहतात. संगणकातील नोंद हा खरा दस्तऐवज आहे काय? त्यावर सही कोणाची? तो नेमका कोणत्या क्षणी सादर झाला? त्यात चूक राहिली, तर ती सुधारायची कशी? आणि यंत्रच बंद पडले, तर काय करायचे?

या प्रश्नांची उत्तरे यंत्र देऊ शकत नाही. ती कायद्यानेच द्यावी लागतात. उत्तरे ठरली नाहीत, तर व्यापारी संगणकावरही भरतो आणि भीतीपोटी कागदही जपून ठेवतो. अधिकारीही छापील प्रत मागतो. म्हणजे काम कमी न होता दुप्पट होते.

पहिला प्रश्न : नोंद म्हणजे दस्तऐवज काय?

या प्रश्नाचे उत्तर भारताने एकदम दिले नाही. पायरी पायरीने दिले. १९८८ साली सीमाशुल्क अधिनियमात एक नवे कलम आले. संगणकातून छापलेला कागद काही अटींवर पुरावा म्हणून ग्राह्य धरावा, असे त्यात सांगितले. दिल्लीत प्रणाली सुरू होण्याच्या सात वर्षे आधीची ही गोष्ट आहे.

१९९५ साली संगणकावर बिल ऑफ एंट्री भरण्याचे स्वतंत्र नियम झाले. त्या वेळी व्यापारी सेवा केंद्रात जाई. तेथे त्याची माहिती संगणकात भरली जाई. मग पडताळणीची यादी छापून त्याला देत. ती तपासून तो खाली सही करी. म्हणजे नोंद संगणकात, पण जबाबदारी अजून कागदावर.

२००० साली माहिती तंत्रज्ञान अधिनियम आला. जेथे लेखी मजकूर हवा असे कायदा म्हणतो, तेथे संगणकातील नोंदही चालेल, असे या अधिनियमाने सांगितले. शेवटी २०११ साली सीमाशुल्क अधिनियमच बदलला. घोषणा संगणकावरूनच सादर करावी, असा शब्द कायद्यात आला.

हा क्रम नीट ध्यानात घ्या. आधी परवानगी, मग मान्यता आणि सर्वांत शेवटी सक्ती. सक्ती आधी केली असती, तर ज्यांच्याजवळ संगणक नव्हता, ते लहान व्यापारी बाहेर फेकले गेले असते. नुसती परवानगीच राहिली असती, तर बहुतेकांनी जुना कागद सोडला नसता.

मान्यता मिळाली, तरी संगणकाच्या पुराव्याला अटी आहेत. त्या महाराष्ट्रातील एका खटल्याने सर्वांसमोर आल्या. जालना विधानसभा मतदारसंघातील निवडणुकीविषयी एक वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. २०२० साली न्यायालयाने सांगितले की, मूळ यंत्र न्यायालयात आणले नसेल, तर त्यातून काढलेल्या प्रतीबरोबर कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र हवेच. हा वाद निवडणुकीचा होता, पण सीमाशुल्काच्या त्या कलमातही अशाच प्रमाणपत्राची तरतूद आहे. यंत्रातून निघाले म्हणून ते खरे, असे कायदा मानत नाही.

दुसरा प्रश्न : सही कोणाची?

कागदावर आपण शाईने सही करतो. संगणकावर अंकीय सही करतात. ही सही म्हणजे नावाचे चित्र नव्हे. ती एका गुप्त किल्लीने तयार होते. ती लावून पाठवलेल्या मजकुरातील एक अक्षर जरी कोणी बदलले, तरी सही जुळत नाही. म्हणून पाठवणाऱ्याला 'हे मी लिहिलेच नाही' असे सहजासहजी म्हणता येत नाही.

२०१६ सालापासून कस्टम्स ब्रोकरमार्फत भरल्या जाणाऱ्या कागदांना अशी सही बंधनकारक झाली. जे स्वतःपुरतेच कागद भरत होते, त्यांना मात्र तिच्यावाचून भरण्याची मोकळीक ठेवली होती. मोठ्याला जे ओझे हलके, ते लहानाला जड होऊ शकते. नियम करणाऱ्याने हे जाणले पाहिजे.

तिसरा प्रश्न : नेमका क्षण कोणता?

कागदाच्या काळात तारीख पुरेशी होती. संगणक मात्र तास, मिनिट आणि सेकंदही नोंदवतो. यातून एक मोठा खटला उभा राहिला.

१६ फेब्रुवारी २०१९ रोजी केंद्र सरकारने पाकिस्तानातून येणाऱ्या मालावर २०० टक्के सीमाशुल्क लावले. ही अधिसूचना संगणकीय राजपत्रात त्या दिवशी रात्री ८ वाजून ४६ मिनिटे ५८ सेकंदांनी प्रसिद्ध झाली. पंजाबमधील अटारी नाक्यावर काही व्यापाऱ्यांनी त्याच दिवशी, पण त्या क्षणापूर्वी, आपली बिल ऑफ एंट्री संगणकावर सादर केली होती. त्यांवर जुन्या दराने करआकारणीही झाली होती. सीमाशुल्क खात्याचे म्हणणे असे, की अधिसूचना त्या तारखेची आहे, म्हणून संपूर्ण दिवसाला नवा दर लागू झाला पाहिजे. व्यापारी म्हणाले, आम्ही कागद भरला तेव्हा हा दर अस्तित्वातच नव्हता.

हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. सप्टेंबर २०२० मध्ये न्यायालयाने व्यापाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला. राजपत्र आता संगणकावर निघते आणि घोषणाही संगणकावर भरली जाते. दोन्हींची अचूक वेळ कळते. मग रात्री काढलेला हुकूम सकाळी भरलेल्या कागदाला लावता येणार नाही, असे या निकालाचे सार आहे.

हे न्यायालयाला ठामपणे सांगता आले, कारण २०१८ च्या नियमांत एक स्पष्ट वाक्य होते. संगणकाने बिल ऑफ एंट्रीला क्रमांक दिला, की ते सादर झाले असे मानावे, असा त्याचा आशय आहे. एका वाक्याने व्यापाऱ्यांना वाचवले. वाक्य नसते, तर घड्याळ असूनही वाद मिटला नसता.

हेच घड्याळ व्यापाऱ्याच्या विरुद्धही चालते. घोषणा वेळेत भरली नाही, तर पहिले तीन दिवस रोज ५,००० रुपये आणि त्यानंतर रोज १०,००० रुपये आकार भरावा, असे त्याच नियमांत आहे.

चौथा प्रश्न : चूक झाली तर?

माणूस कागद वाचताना थोडे समजून घेतो. यंत्र समजून घेत नाही. १ जुलै २०१७ पासून देशात वस्तू व सेवा कर सुरू झाला. निर्यातदाराने भरलेला हा कर त्याला परत मिळतो. नियमाने शिपिंग बिलालाच परताव्याचा अर्ज मानले. वेगळा अर्ज करण्याची गरज उरली नाही. ही मोठी सोय होती.

पण एक अट होती. शिपिंग बिलातील बीजक क्रमांक आणि कराच्या विवरणपत्रातील बीजक क्रमांक तंतोतंत जुळला पाहिजे. कोणी एकीकडे '०१७' लिहिले आणि दुसरीकडे '१७', की संगणक परतावा थांबवी. माल खरा, निर्यात खरी, कर भरलेला खरा. तरी पैसे अडले. देशभर हजारो निर्यातदारांचे असे पैसे अडकून पडले. मोठी कंपनी काही महिने थांबू शकते. ज्याने सूत उधारीवर आणले आहे, त्याने विणकराची मजुरी कोठून द्यावी?

येथे पुन्हा नियमालाच पुढे यावे लागले. फेब्रुवारी २०१८ मध्ये सरकारने सोय केली. अधिकाऱ्याने दोन्ही नोंदी स्वतः पडताळाव्यात आणि त्या एकाच व्यवहाराच्या आहेत अशी खात्री झाली, की संगणकात जुळवून द्याव्यात. त्या वर्षी परताव्यासाठी खास पंधरवडेही पाळले गेले. यंत्राने अडवलेले काम माणसाच्या हाताने सुटले. पण त्या हाताला अधिकार नियमाने दिला होता.

पाचवा प्रश्न : यंत्र बंद पडले तर?

वीज जाते. तार तुटते. प्रणाली कधी कधी तासन्‌तास अडते. अशा वेळी संत्र्याने काय करावे? सीमाशुल्क अधिनियमात याचेही उत्तर आहे. संगणकावर घोषणा करणे शक्य नसेल, तर आयुक्त ती दुसऱ्या रीतीने सादर करण्याची परवानगी देऊ शकतात. सक्तीच्या कायद्यातच सुटकेची खिडकी ठेवली आहे. चांगल्या नियमाचे हे एक लक्षण होय.

समोर न दिसणारा अधिकारी

२०२० साली आणखी एक मोठा बदल झाला. जून महिन्यात बंगळूरु व चेन्नई येथे आणि ऑक्टोबरअखेर सर्व देशात आयात मालाची 'चेहराविरहित' तपासणी सुरू झाली. नागपूरला आलेल्या मालाचा कागद आता दुसऱ्याच एखाद्या शहरातील अधिकाऱ्यासमोर जाऊ शकतो. व्यापाऱ्याला त्याचा चेहरा दिसत नाही आणि अधिकाऱ्यालाही व्यापारी भेटत नाही. त्यामुळे ओळखीचा उपयोग उरत नाही.

पण जो समोर दिसतो, त्याला आपण कारण विचारू शकतो. जो दिसत नाही, त्याला कसे विचारणार? म्हणून कायद्याची तरतूद महत्त्वाची ठरते. व्यापाऱ्याने स्वतः केलेली करआकारणी अधिकाऱ्याने बदलली आणि ती व्यापाऱ्याला मान्य नसेल, तर अधिकाऱ्याने पंधरा दिवसांत कारणांसह लेखी आदेश दिला पाहिजे. त्या आदेशावर अपील करता येते. गोंधळलेल्या व्यापाऱ्याला मदत मिळावी म्हणून 'तुरंत सुविधा केंद्रे'ही सुरू झाली.

संगणकात साऱ्या देशाच्या व्यापाराची माहिती साठते. कोण काय घेतो, कोणत्या भावाने घेतो, हे सर्व त्यात असते. ही माहिती प्रतिस्पर्ध्याच्या हाती पडली, तर धंदा बुडू शकतो. म्हणून २०२२ साली कायद्यात नवे कलम घातले गेले. अशी माहिती परवानगीवाचून प्रसिद्ध करणे हा आता गुन्हा आहे.

संत्र्याचा धडा

संगणक आणि नियम दोन्ही चांगले असले, म्हणजे सर्व प्रश्न सुटतात काय? नागपूरच्या संत्र्याकडे पाहा. काटोल, नरखेड, वरूड, मोर्शी या भागांतील संत्री ट्रकांनी बांगलादेशात जातात. फळे परदेशी पाठवताना त्यांवर कीड-रोग नाही, असे वेगळ्या खात्याचे प्रमाणपत्र लागते. आयातीच्या कामातही अशा अनेक खात्यांच्या परवानग्या लागतात. त्या एकाच ठिकाणाहून मिळाव्यात म्हणून २०१६ साली 'एक खिडकी' योजना सुरू झाली. खाती वेगळी, पण अर्ज एक. हेही नियम बदलल्यानेच साधले.

परंतु गेल्या काही वर्षांत बांगलादेशाने संत्र्यावरील आयात शुल्क वरचेवर वाढवले. त्यामुळे तेथे आपले संत्रे महाग झाले आणि निर्यात घटली. दोन्ही देशांत संगणक आहेत. कागद झटपट पुढे सरकतात. तरी संत्रा उत्पादक अडचणीत आला. कारण कर किती घ्यायचा, हे संगणक ठरवत नाही. ते सरकारे ठरवतात. संगणक फक्त ठरलेला कर वेगाने मोजतो.

यातून एक गोष्ट स्पष्ट होते. यंत्र काम जलद करते. ते न्याय्य होईल की नाही, हे नियमावर अवलंबून असते. नियम आधी विचारपूर्वक केलेला असावा. त्याची भाषा स्पष्ट असावी. त्यात चूक दुरुस्त करण्याची सोय असावी आणि यंत्र थांबले तर दुसरी वाट असावी. शाळेचा दाखला, शिष्यवृत्तीचा अर्ज, बँकेचे खाते, अशी किती तरी कामे आज संगणकावर होतात. तेथेही हेच पाच प्रश्न विचारता येतात. पडद्यावर 'अर्ज नामंजूर' अशी अक्षरे आली, की निमूटपणे परत फिरू नये. कोणत्या नियमाने नामंजूर झाला, चूक कशी सुधारायची आणि दाद कोणाकडे मागायची, हे विचारावे. तो आपला हक्क आहे.

शब्दार्थ

अधिनियम – विधिमंडळाने किंवा संसदेने मंजूर केलेला कायदा
अधिसूचना – सरकारने जाहीर केलेला लेखी हुकूम
राजपत्र – सरकारी हुकूम ज्यात छापले जातात ते पत्र
बीजक – विकलेल्या मालाचे बिल
परतावा – भरलेल्या रकमेपैकी परत मिळणारे पैसे
खेप – एका वेळी पाठवलेला माल
ग्राह्य धरणे – मान्य करणे, स्वीकारणे
तरतूद – कायद्यात आधीच करून ठेवलेली सोय
तंतोतंत – अगदी बरोबर, जराही फरक नसलेले
दाद मागणे – न्याय मागणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मराठीत 'जकात' या शब्दाचा अर्थ काय?
(आ) निर्यात मालाच्या घोषणेला काय म्हणतात?
(इ) भारतात सीमाशुल्काची संगणक प्रणाली कोठे व केव्हा सुरू झाली?
(ई) संगणकावर घोषणा करणे शक्य नसेल, तर परवानगी कोण देऊ शकतात?

प्र. २. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) कोरडे बंदर म्हणजे काय? त्याचा नागपूरच्या व्यापाऱ्यांना कोणता उपयोग होतो?
(आ) कागदी पद्धतीतील एक गुण आणि दोन दोष सांगा.
(इ) १६ फेब्रुवारी २०१९ च्या अधिसूचनेबाबत व्यापाऱ्यांचे आणि सीमाशुल्क खात्याचे म्हणणे काय होते?

प्र. ३. कारणे द्या.
(अ) बीजक क्रमांक न जुळल्यामुळे लहान निर्यातदारांचे अधिक हाल झाले.
(आ) संगणक असूनही संत्रा उत्पादक अडचणीत आला.

प्र. ४. पुढील शब्द उर्दूतही आहेत. त्यांचे उर्दूतील आणि मराठीतील अर्थ लिहा व प्रत्येकाचा मराठी वाक्यात उपयोग करा.
कायदा, हुकूम, मोहर, दस्तऐवज, बंदर

प्र. ५. 'आधी परवानगी, मग मान्यता आणि सर्वांत शेवटी सक्ती' हा क्रम तुम्हांला योग्य वाटतो काय? आपले मत आठ-दहा ओळींत लिहा.

उपक्रम : तुमच्या घरातील एखाद्या मोठ्या माणसाने संगणकावर किंवा मोबाइलवर भरलेल्या अर्जाची माहिती विचारा. अर्ज भरताना कोणती अडचण आली आणि ती कशी सुटली, हे मराठीत लिहून वर्गात वाचून दाखवा.